रॉस गावची मशीद

“टीचर, अमेरिकेत खेडी असतात का?”

आठवीच्या वर्गातल्या एका मुलीचा हा प्रश्न. आमच्या शाळेतल्या भूगोलाच्या मॅडम बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि त्यांचे तास वाटताना मुख्याध्यापकांनी आठवी माझ्याकडे दिली. मी मुळात भाषेची शिक्षिका. उर्दू आणि मराठी शिकवत वीस वर्षं होत आली. बी.एड.ला असताना भूगोलाचे काही पाठ घेतले होते, तेवढीच माझी शिदोरी. उत्तर अमेरिकेचा नकाशा टांगून मी गव्हाचा पट्टा दाखवत होते आणि तेवढ्यात हा प्रश्न आला. वर्ग हसला.

“असतात की! गहू काय इमारतींच्या गच्चीवर पिकतो?” असं म्हणून मी वेळ मारून नेली. पण खरं सांगायचं तर अमेरिका म्हटलं की माझ्याही डोळ्यांसमोर उंच इमारतीच येतात. “पुढच्या तासाला एका गावाची माहिती आणते,” असं कबूल करून मी घरी आले. रात्री भांडीकुंडी आवरून मोबाईलवर गाव शोधायला बसले. जे गाव सापडलं, त्यानं महिनाभर माझी पाठ सोडली नाही. त्याचं कारणही सांगते, पण आधी गाव.

गावाचं नाव रॉस. नॉर्थ डकोटा राज्यातल्या माउंटरेल काउंटीत ते आहे. काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा कारभाराचा भाग. २०१० च्या जनगणनेत या गावाची लोकसंख्या होती ९७. आमच्या शाळेच्या एका इयत्तेच्या दोन तुकड्या एकत्र बसवल्या तर रॉसपेक्षा मोठं गाव होईल. उत्तरेला साधारण पन्नास मैलांवर कॅनडाची हद्द. पूर्वेला साठेक मैलांवर मायनॉट, पश्चिमेला जवळपास तेवढ्याच अंतरावर विलिस्टन. मधून रेल्वेचा रूळ आणि त्याला धरून जाणारा दोन नंबरचा महामार्ग. बाकी नजर जाईल तिथवर गवत, गहू, जवस आणि आकाश.

ही जमीन सपाट वाटली तरी अगदी सपाट नाही. हिमयुगात हिमनद्या या भागावरून सरकल्या आणि वितळताना दगडमातीचे ढीग टाकत गेल्या. त्यामुळे सगळीकडे बुटक्या टेकड्या आणि त्यांच्यामध्ये बशीसारखे खळगे आहेत. बर्फ वितळलं की खळग्यांत पाणी साचतं आणि बदकं उतरतात. पाऊस मात्र बेताचा, वर्षाला जेमतेम चारशे मिलिमीटर. सोलापूरकडच्या माणसाला हा आकडा ऐकून आपलेपणा वाटावा, आमच्याकडे यापेक्षा थोडा जास्तच पडतो म्हणायचा. फरक आहे तो थंडीचा. १९३६ सालच्या फेब्रुवारीत याच काउंटीतल्या पार्शल गावी पारा उणे ५१ सेल्सिअसवर गेला होता आणि त्याच वर्षी जुलैत याच राज्यातल्या स्टील गावी ४९ वर. शंभर अंशांचा फरक, एकाच राज्यात, पाच महिन्यांत. मुलांना हे सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरची मुलंसुद्धा गप्प झाली.

असल्या जागी गाव वसलंच कसं? त्याचं उत्तर रेल्वेत आहे. जेम्स हिल नावाच्या उद्योगपतीच्या कंपनीनं १८८७ च्या उन्हाळ्यात मायनॉटहून पश्चिमेकडे रूळ टाकत नेले. हीच पुढची ग्रेट नॉर्दर्न रेल्वे. रूळ टाकला, पण गाडीत भरायला माल हवा आणि माल पिकवायला माणसं हवीत. म्हणून दर काही मैलांवर एक थांबा, थांब्यापाशी धान्याचं उंच कोठार आणि कोठाराभोवती चार दुकानं. शेतकऱ्यानं सकाळी घोडागाडीत गहू भरावा, कोठारात ओतावा आणि अंधाराच्या आत घरी पोहोचावं, असा तो हिशेब. रॉस हे अशाच हिशेबातून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उभं राहिलेलं गाव. त्याला ना देऊळ, ना किल्ला, ना बाजाराचा वार. आपली गावं नदीकाठी वसली, ही रुळाकाठी.

माणसं आणली ती सरकारच्या एका कायद्यानं. १८६२ च्या होमस्टेड कायद्यानुसार किरकोळ फी भरून १६० एकर जमीन मिळत असे. अट एवढीच, की पाच वर्षं तिथं राहायचं, घर बांधायचं, जमीन कसायची आणि देशाचं नागरिक व्हायचं. मग जमीन तुमची. नॉर्वेच्या डोंगराळ भागातले शेतकरी हे ऐकून लोटले. माउंटरेलमध्ये बहुसंख्या त्यांचीच झाली.

इथे थांबून एक गोष्ट सांगायला हवी, कारण वर्गात मी ती सांगितली. सरकार ‘फुकट’ वाटत होतं ती जमीन कोणाची तरी होती. या मैदानावर असिनिबोइन जमातीचे लोक रानगव्यांच्या मागे फिरत. मिसुरी नदीकाठी मंडान, हिदात्सा आणि अरिकारा मका पिकवत, मातीच्या गोल घरांत राहत. १८३७ च्या देवीच्या साथीत मंडान जवळजवळ संपले. उरलेल्यांना एका राखीव क्षेत्रात ढकललं गेलं आणि ते क्षेत्रही आक्रसत गेलं. पुढे १९५० च्या दशकात मिसुरीवर गॅरिसन धरण झालं, तेव्हा या लोकांची दीड लाख एकरांहून जास्त जमीन पाण्याखाली गेली, तीही नदीकाठची, सगळ्यात सुपीक. उजनीच्या पाण्यात गेलेली गावं आमच्या जिल्ह्यानं पाहिली आहेत, त्यामुळे हे मुलांना फार फोड करून सांगावं लागलं नाही.

आता ज्यासाठी मी हे गाव धरून बसले, तिथे येते.

रॉसच्या आसपास जमीन घेणाऱ्यांत नॉर्वेजियन होते, जर्मन होते आणि मुसलमान होते. हे वाचून मी मोबाईल खाली ठेवला, चष्मा पुसला आणि परत वाचलं. १८९९ च्या सुमारास हसन जुमा नावाचा एक माणूस इथे आला आणि त्यानं जमीन धरली. पहिल्या मुसलमानाचं आडनावच जुमा! त्याच्या मागून त्याच्या मुलखातली आणखी कुटुंबं आली. ही माणसं बीरे आणि रफीद या खेड्यांतली. आज ती लेबनॉनमध्ये बेका खोऱ्याच्या कडेला आहेत, तेव्हा ती तुर्की सुलतानाच्या सीरियात मोडत. डोंगरकडेची थोडकी जमीन, खाणारी तोंडं जास्त आणि तरण्या पोरांना सुलतानाच्या फौजेत नेण्याची भीती. एक गेला, त्यानं पत्र लिहिलं, दुसरा निघाला. मुंबईला गेलेल्या पहिल्या माणसाच्या खोलीवर अख्खं गाव कसं उतरतं, हे आपल्याला शिकवावं लागत नाही.

यांतले बरेचजण आधी फेरीवाले होते. पाठीवर गाठोडं, त्यात सुया, दोरे, बटणं, कापड. घोडागाडी मिळाली तर उत्तम. एकमेकांपासून मैल मैल दूर असलेल्या शेतघरांत अशा फेरीवाल्याची वाट बघितली जाई. फिरता फिरता त्यांनी पाहिलं की लोक जमिनी धरताहेत, मग यांनीही धरल्या. मुळाची माती धरून असलेली गवताची ढेकळं कापायची, विटांसारखी रचायची, वर छप्पर टाकायचं आणि त्यात पहिला हिवाळा काढायचा, ही त्या मैदानावरच्या नव्या शेतकऱ्यांची रीत होती.

जमिनीच्या कायद्यातली नागरिकत्वाची अट मात्र यांना सोपी नव्हती. त्या काळच्या कायद्यात परदेशातून आलेल्यांपैकी ‘गोरे’ आणि आफ्रिकी वंशाचे एवढ्यांनाच नागरिक होता येई. मग सीरियातला माणूस गोरा की नाही? यावर देशभर खटले झाले. शेवटी १९१५ मध्ये साउथ कॅरोलायनातल्या जॉर्ज डाऊ नावाच्या सीरियन ख्रिस्ती माणसाच्या खटल्यात वरच्या न्यायालयानं ‘गोरा’ असा निकाल दिला. आठ वर्षांनी, १९२३ मध्ये, आपल्या पंजाबच्या भगतसिंग थिंद यांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयानं ‘नाही’ म्हटलं. माणूस कोण आहे हे ज्याचं त्यानं सांगायचं नाही, कागदानं सांगायचं. हा अनुभव आपल्याला परका नाही, म्हणून त्यावर जास्त बोलत नाही.

या लोकांची तीसेक वर्षं मशिदीशिवाय गेली. नमाज एकमेकांच्या घरी होई. पेश-इमाम नव्हता, ज्याला कुरआन वाचता येई तो पुढे उभा राही. आपल्याकडे किबला पश्चिमेला. रॉसहून मक्केचा सगळ्यात जवळचा रस्ता धरायचा तर तोंड ईशान्येकडे, उत्तरेला बरंच झुकून करावं लागतं. सपाट नकाशावर हे पटत नाही, गोलावर दोरा ताणला की कळतं. मी वर्गात दोरा ताणून दाखवला.

मी हिशेब मांडून पाहिला, १९१५ सालचा रमजान जुलैच्या मध्याला सुरू होऊन ऑगस्टमध्ये संपतो. त्या अक्षांशावर त्या दिवसांत नुसता सूर्योदय ते सूर्यास्तच साडेपंधरा तासांचा. सहरीपासून धरलं तर सतरा-अठरा तास. आणि ऑगस्ट म्हणजे तिथला गव्हाच्या कापणीचा हंगाम. त्या वर्षी नॉर्थ डकोटात गहू मायंदाळ पिकला होता. घोडे जुंपून, घशाला कोरड घेऊन कापणी करणारे ते रोजेदार माझ्या डोळ्यांसमोर उभे राहतात. आमचे अब्बा भर उन्हाळ्याच्या रोजात मळ्यात दारं धरायचे. पाटाच्या पाण्यात पाय असत आणि ओठ फुटलेले.

१९३९ च्या सुमारास सरकारनं बेकार लेखकांना काम म्हणून लोकांच्या मुलाखती घ्यायला लावलं, त्यात रॉसच्या मुसलमानांच्याही मुलाखती झाल्या. जुमा घराण्यातल्या मेरी जुमा या बाईंची मुलाखत त्यांत आहे. गावोगाव फेरी करत आपण इथवर कशा आलो, १९०२ च्या सुमारास जमीन कशी धरली, घराघरांतून नमाज कशी व्हायची, रोजांचा महिना संपला की सगळे एकमेकांच्या घरी कसे जायचे, हे त्या सांगतात. मी जे जे वाचलं त्यात कायदे, एकर आणि खटले बायकांनी सांगितलेले नाहीत. एकमेकांच्या घरी जाणं मात्र त्यांनी आठवणीनं सांगितलंय. एका घरापासून दुसरं घर मैलभर असतं, तेव्हा ईदला कोणाच्या दारात जाणं ही किती मोठी गोष्ट असेल!

आणि मग १९२९ मध्ये या लोकांनी मशीद बांधली. अमेरिकेत मशीद म्हणून बांधलेल्या अगदी पहिल्या इमारतींपैकी ही एक. मोटारींच्या डेट्रॉइट शहराला लागून असलेल्या हायलँड पार्कमध्ये १९२१ साली एक झाली होती, पण ती फार टिकली नाही. आयोवा राज्यातल्या सीडर रॅपिड्सची मशीद १९३४ ची. ती आजही उभी आहे. रॉसची या दोहोंच्या मधली. मिनार नाही, घुमट नाही. अर्धी जमिनीत, अर्धी वर, एखाद्या तळघरावर छप्पर टाकावं तशी बुटकी इमारत. जवळच मुसलमानांचं कब्रस्तान.

वर्ष मात्र वाईट निवडलं गेलं. १९२९ च्या शेवटी शेअर बाजार कोसळला आणि मंदी आली. पाठोपाठ दुष्काळ आला, धुळीची वादळं आली. पारा वर-खाली करणारं ते १९३६ साल याच दशकातलं. कितीतरी कुटुंबांनी शेतं सोडली. नुसते मुसलमान नव्हेत, नॉर्वेजियनही गेले. १९३० मध्ये नॉर्थ डकोटाची लोकसंख्या ६ लाख ८० हजार होती. ऐंशी वर्षांनी, २०१० च्या जनगणनेतही ती त्याहून कमीच भरली. एखाद्या राज्याला ऐंशी वर्षांनीही आपली जुनी लोकसंख्या गाठता येत नाही हे मला तरी माहीत नव्हतं.

जे राहिले त्यांची मुलं इंग्रजी शाळेत गेली. अरबी घरात राहिली, मग आजीपुरती राहिली, मग आजीबरोबर गेली. नावं बदलली. वडिलांचं नाव अरबी, मुलाचं माइक किंवा चार्ल्स. मुलांनी शेजारच्या नॉर्वेजियन मुलींशी लग्नं केली, मुली ख्रिस्ती घरांत गेल्या. कोणी जबरदस्ती केली नाही. शाळेत, शेतावर, नाचाला, फौजेत सगळीकडे सोबत तीच मुलं होती, मग लग्न तरी कोणाशी करणार? १९७० च्या दशकापर्यंत मशिदीत येणारं कोणी उरलं नाही. त्या दशकाच्या अखेरीस ती पाडली.

‘पाडली.’ हा शब्द वाचला आणि माझ्या पोटात गोळा आला. आपल्या वयाच्या माणसाला मशिदीच्या पुढे हे क्रियापद आलं की काय काय आठवतं, ते मी लिहायला नको. १९९२ साली मी शाळकरी होते. म्हणून मी आधी शोधलं ते ‘कोणी’. कोणीच नाही. तिच्यावर कोणी चाल करून आलं नव्हतं. वापर थांबला होता, पडझड झाली होती आणि एक रिकामी इमारत उतरवली गेली, एवढंच. मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. उलट जास्त बेचैन झाले. कोणी हल्ला केला तर निदान रागावता येतं, कोर्टात जाता येतं, पुढच्या पिढीला सांगता येतं. इथे सांगणार काय? एका शुक्रवारी माणसं पुरेशी जमली नाहीत, पुढच्या शुक्रवारी त्याहून कमी, आणि मग कोणी दार उघडलंच नाही.

आता माझं कारण.

आमच्या गावात मुसलमानांची नऊ घरं होती. मुलाणी, तांबोळी, आतार. दोन खोल्यांएवढी मशीद. आज तिथे एक घर उरलंय, तेही म्हाताऱ्या चाचा-चाचींचं. बाकीचे पंढरपूरला, सोलापूरला, पुण्याला. जुम्याच्या जमातीला इमाम धरून चार माणसं तरी लागतात, तेवढीही जमत नाहीत. मशिदीची किल्ली शेजारच्या काकांकडे असते. ते वारकरी आहेत. दर गुरुवारी संध्याकाळी ते अंगण झाडून घेतात, कारण अब्बा असताना गुरुवारी झाडलं जायचं.

अब्बा जाऊन सहा वर्षं झाली. गावच्या कब्रस्तानात आहेत, दादीच्या शेजारी. रॉस सापडलं त्याच आठवड्यात भाईजानचा पुण्याहून फोन आला. “गावचं घर आणि मळा विकून टाकू. गिऱ्हाईक चांगलं आहे. तू सही करशील ना?” त्याचं चूक नाही. मुलाच्या इंजिनीअरिंगची फी भरायचीय, घर कोसळायला आलंय, कसणारं कोणी नाही. मीही गावाला वर्षातून एकदा जाते, तेही सकाळी जाऊन संध्याकाळी परत. “करते,” म्हणाले आणि फोन ठेवला. रात्री पुन्हा रॉसचे फोटो उघडून बसले.

कारण रॉसची गोष्ट मशीद पाडल्यावर संपत नाही. मशीद गेली, पण कब्रस्तान राहिलं. कुंपण, लोखंडी कमान, कमानीवर चांद-तारा आणि इंग्रजीत ‘असिरियन मुस्लिम कब्रस्तान’ अशा अर्थाची पाटी. सीरियनांचे असिरियन झाले, पण पाटी आहे. लग्नं होऊन ख्रिस्ती झालेल्या, आडनाव बदललेल्या, दूरच्या शहरांत गेलेल्या नातवंडांना एका कारणासाठी तिथे यावंच लागे. आजोबा तिथे होते. दगडावर नाव होतं. आणि त्याच कुटुंबांतल्या एका बाईंनी मनावर घेतलं की इथे पुन्हा मशीद हवी. २००५ मध्ये, त्या गेल्यानंतरच्या वर्षी, घरच्यांच्या आणि गोतावळ्याच्या मदतीनं ती उभी राहिली. एका लहान खोलीएवढी, चौकोनी. वर धातूचा घुमट आणि चार कोपऱ्यांना चार छोटे मिनार. पहिल्या मशिदीला जे परवडलं नव्हतं, ते दुसरीला मिळालं.

पुढच्याच वर्षी माउंटरेल काउंटीत मोठा तेलसाठा सापडला आणि सगळा मुलूख बदलला. खडक फोडून तेल काढायचं तंत्र आलं, टँकर आले, रात्री शेतांतून गॅसच्या ज्वाळा दिसू लागल्या. शंभर वर्षांपूर्वी गव्हासाठी टाकलेल्या रुळांवरून तेलाच्या लांबच लांब गाड्या धावू लागल्या. रॉसमध्येही माणसं वाढली. कामासाठी जगभरातून लोक आले, त्यांत मुसलमानही असणारच. महामार्गावरून जाणाऱ्या एखाद्या ट्रकवाल्याला अचानक गवतात घुमट दिसत असेल, तेव्हा त्याला काय वाटत असेल?

मला मात्र एक गोष्ट स्पष्ट दिसली. मशिदीनं कब्रस्तान राखलं नाही, कब्रस्तानानं मशीद परत आणली. इमारत माणसांवर चालते. माणसं उठून गेली की ती पडते, तिला बोल लावण्यात अर्थ नाही. पोटासाठी जाणाऱ्याला थांबवताही येत नाही. बीरे आणि रफीद सोडून रॉसला आलेली माणसं पोटासाठीच आली होती, रॉस सोडून गेलेलीही पोटासाठीच गेली. पण मातीत ठेवलेल्या माणसाच्या डोक्याशी नाव लिहिलेलं असेल आणि तिथवर जायला रस्ता असेल, तर पन्नास वर्षांनीही कोणीतरी येतं. अरबी विसरलेलं, नमाज विसरलेलं, पण येतं.

‘तिथवर जायला रस्ता’ हे शब्द मनात आले आणि मी उठून बसले. आमच्या गावच्या कब्रस्तानाला सरकारी रस्ता नाही. वाट आमच्या मळ्याच्या बांधावरून जाते. आजोबांच्या आधीपासून जनाजे त्याच बांधावरून गेलेत. कोणी विचारायचा प्रश्नच नव्हता, मळा आपला, मयत आपली. उद्या मळा विकला आणि घेणाऱ्यानं बांधावर तारेचं कुंपण घातलं तर? तो वाईट माणूस असायची गरज नाही. त्याला कोणी सांगितलं नाही, एवढं पुरेसं आहे.

सकाळी शाळेत जायच्या आधीच भाईजानला फोन लावला. “सही करते, पण खरेदीखतात कब्रस्तानाची वाट सोडायची. वहिवाटीचा रस्ता म्हणून लिहायचं, रुंदी घालून.” तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, “अगं, भाव कमी करेल तो.” मी म्हटलं, “करू दे. माझ्या वाट्यातून कमी कर.” शिक्षिकेच्या पगारात असं बोलणं जड जातं, पण बोलून गेले.

त्या दिवशी वर्गात मी रॉसची गोष्ट पूर्ण केली. हिमनद्या, रेल्वे, मंडान, जुमा, बुटकी मशीद आणि नवी मशीद. भूगोलाच्या तासाला एवढा इतिहास झाला म्हणून मुलं खूश. घंटा व्हायला आली, तेव्हा त्याच मुलीनं हात वर केला. “टीचर, मग त्या नव्या मशिदीत नमाज कोण पढतं?”

“बहुतेक वेळा कोणीच नाही,” मी म्हणाले. “लोक कब्रींवर दुआ करायला येतात, तेव्हा जो येईल तो पढतो.”

“मग बांधली कशाला?” दुसऱ्या एका मुलानं विचारलं. मी उत्तर दिलं नाही. गृहपाठ दिला. ‘आपल्या आजी-आजोबांचं किंवा पणजोबांचं गाव कोणतं, तिथं आता आपलं कोण आहे, हे घरी विचारून दहा ओळी लिहा. उर्दूत किंवा मराठीत, ज्याला जसं येईल तसं.’ बेचाळीस मुलांपैकी सतरा जणांनी लिहिलं, “माहीत नाही. अम्मी म्हणाली, तिथं आता कोणी नाही.” ती सतरा पानं मी अजून कपाटात ठेवली आहेत.

उन्हाळ्याच्या सुट्टीत भाचरांना घेऊन गावी जाणार आहे. अब्बांच्या कबरीला अजून नावाचा दगड नाही, आमच्याकडे तशी पद्धत नाही. साधा दगड लावायचा, वर नाव आणि साल, एवढंच मनात आहे. उर्दूत लिहावं की मराठीत, यावर घरात दोन मतं आहेत. मी म्हणते, दोन्हीत लिहू. भाचरांना उर्दू वाचता येत नाही, आणि अब्बांना ती सोडून दुसरं काही आवडलं नसतं.

परवा रात्री भाईजानचा मेसेज आला. खरेदीखताच्या मसुद्याचा फोटो होता. खाली एकच ओळ, “वाट आठ फूट धरलीय. खांदेकरी दोन्ही बाजूंनी चालतील एवढी.”